ऐनाची डहाळी

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३३
मोखाड्याच्या रानातल्या पोलीस चौकीवर कारकून म्हणून आज रुजू झालो. जागा मनास आली. कुडाची चौकी, पुढे नागलीचे खळे, मागे ओढा. स्नान करून देव कोनाड्यात बसवले. साक्षीदार बोलावण्याचा इथला रिवाज गमतीचा आहे. समन्स मी लिहायचे, पण शिपाई मंगळ्या दारात ऐनाच्या झाडाची डहाळी ठेवून येतो. पाने सुकायच्या आत माणूस हजर. कागद का देत नाहीस, विचारले तर हसून म्हणाला, कागदाची विडी वळतील दादा, डहाळीला कोणी नाय म्हणत नाय. मेला तरी येतो.

शुद्ध ७
जंगलच्या मुकादमाचा खून झाला आहे. ज्याला प्रेत दिसले तो लहान्या डहाळी हातात धरून साखरशेत पाड्याहून आला. संशय ज्याच्यावर त्या ढवळूने मारले असे सांग, म्हणून चौकीचे जमादार दौलतराव हटून बसले. मारताना पाहिलेच नाय तर सांगू कसा, एवढेच तो म्हणे. साक्षीदाराला बोलवावे, विचारावे, घरी सोडावे. आपला अधिकार एवढाच, असे मी म्हणालो. महाराज, तुम्ही आपली माळ ओढा, असे जमादार म्हणाले.

शुद्ध ८
लहान्या मेला. काठीने जबडा मोडला, तरी विचारणे चालूच होते. ओढ्याकाठी पुरला. मंगळ्या खोडाळ्याला बाजारात होता. कोणाला शंका नको म्हणून जमादारांनी लिहायला लावले : साक्षीदार हजर झाला नाही. वर दुसरे समन्सही. मी लिहिले. शाई टिपली.

शुद्ध १०
मंगळ्याला काय ठाऊक? दुसऱ्या समन्साची डहाळी तो लहान्याच्या दारात ठेवून आला. लहान्याची बायको पोशी रडली नाही. ती डहाळी घेऊन इथे आली, ओढ्याकाठची ताजी माती पाहिली आणि तिथेच ती रोवली. त्याला बोलावलाय, त्यालाच देते, म्हणाली.

शुद्ध ११
भर दुपार. जमादार ओसरीवर जेवत होते. मी पाणी घेऊन आलो तो — जबडा नाही. गळ्यापर्यंत फाडलेला. भातात दात. ओढ्याकाठचा खड्डा उघडा. मातीची पावले चौकीत आली आहेत. परत गेलेली नाहीत.

शुद्ध १२
मंगळ्या पळाला. माझ्या उंबऱ्यावर डहाळी. मुळाशी ओली माती. पाहणारा मी एकटाच — साक्षीदार मीच. नामसुद्धा ओठी येत नाही.

पाने सुकली. खरे लिहितो, मग सोडेल. लहान्या हजर झाला होता. जमादारांनी मारला. मी पाहिले. मी बसून —

समोर उभा आहे. विचारतो आहे. जबडा मोडलेला, तरी कळते. सगळे सांगितले, देवाशपथ सगळे — तरी विचारणे चालूच — माझ्या हनुवटीला हा हात —