उत्तरार्ध

३ मार्च, मंगळवार

रविवारी आमचा तिघांचा हिप हॉप अल्बम आला तेव्हा एकच भीती होती, कुणी ऐकणारच नाही. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं!

आज दुकानात चष्म्याच्या काचा घासता घासता मोबाईल बघत होते. मालक दोनदा ओरडले. एका गिऱ्हाइकाच्या काचेच्या कडेचा टवका उडाला. माझं लक्ष कुठे होतं?

"पहिली पाच — आग. पुढची पाच — राख."

"भोंगा सहाव्या गाण्यापासून संपावर गेला काय?"

"नाव तीन तिघाडा, काम बिघाडा. निदान खोटं तरी बोलले नाहीत!"

या शेवटच्यावर मीसुद्धा हसले. मग दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन रडले.

पहिली पाच गाणी दादाने लिहिली. पुढची पाच मी. संगीत मास्तरचं. म्हणायला दहाही दादाच, म्हणजे भोंगा, मी फक्त मध्ये मध्ये साथीला. म्हणजे कुणाचं चुकलं हे सांगायला ज्योतिषी नको.

४ मार्च, बुधवार

"शब्द पोकळ आहेत." एवढंच. खाली नाव नाही, गाव नाही. दिवसभर तेच डोक्यात.

६ मार्च, शुक्रवार

मास्तरकडे बसलो. त्याची ती खोली — भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीला जुनी रजई. इथेच सगळं रेकॉर्ड केलं. मास्तर गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे गाण्यांचंही तसंच — एक पाय दुमडून बसायचं आणि उत्तर काढायचं.

"पुढची पाच काढून टाकू," तो म्हणाला. "पाचाचाच अल्बम होता असं सांगू. लोक काय, विसरतात."

माझ्याकडे बघत नव्हता. बिचारा! मीच म्हटलं, "काढ. सगळी काढ."

दादा कोमट पाणी पीत कोपऱ्यात बसला होता. "एकही निघणार नाही."

"अरे, मग नीट म्हणायची होतीस!" मास्तर उसळला.

दादा पाणी पीत राहिला.

याला भोंगा म्हणतात! लहानपणी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "आई, भूक!" म्हणायचा, तर तिसऱ्या मजल्यावर आमच्याबरोबर शेजारच्या काकूही दचकायच्या. शाळेत प्रार्थनेला मागच्या रांगेत उभा करायचे त्याला, पुढच्यांचे कान वाचावेत म्हणून. आणि माझी गाणी आली की हा कुजबुजतो!

मला वाटतं त्याला ती आवडलीच नव्हती. बहिणीचं मन मोडायला नको म्हणून घेतली. दया केली माझ्यावर.

९ मार्च, सोमवार

आईने आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. कानात इअरफोन खुपसून, भांडी पुसत. मध्येच मोठ्याने बोलत होती, कानात आवाज असला की सगळे बोलतात तसं.

"आठवं बरंय!"

"का गं?"

"त्यात हळू बोलतो. आधीच्यांत नुसता अंगावर येतो. कुणाशी भांडतो एवढं?"

मी म्हटलं, "आई, तू आई आहेस. तुझं मत धरत नाहीत."

ती ताटल्या रचत राहिली, जरा जास्तच आवाज करत.

१३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको?

नव्या अल्बमांवर व्हिडिओ करणारा एकजण आहे. त्याने अर्धा तास आमच्यावर घालवला. दादाच्या पहिल्या गाण्याला टाळ्या वाजवल्या, अक्षरशः. मग म्हणाला, "आणि उत्तरार्ध ज्या ताईंनी लिहिलाय, त्यांना माझी हात जोडून विनंती — वहीत ठेवा. वही कुणाला त्रास देत नाही." मागे हसण्याचे आवाज.

जेवणाच्या सुट्टीत तडक दादाच्या वर्कशॉपला गेले. गाड्यांना रंग मारायचं काम. सगळीकडे तो रंगाचा उग्र वास, गळ्याशी मास्क अडकवून दादा एक दरवाजा घासत होता.

मी म्हटलं — नाही, ओरडले — "तू मुद्दाम मारलीस माझी गाणी! स्वतःची छाती फाडून म्हटलीस, आणि माझी? जीव राखून! कौतुक आपलं आपल्याकडेच राहावं म्हणून!"

कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. त्या शांततेत माझंच शेवटचं वाक्य घुमत राहिलं.

"तसं वाटतं तुला?" दादा म्हणाला. आवाज घोगरा, अर्धा तर हवाच.

"सगळ्यांनाच वाटतं. वाच जरा लोक काय लिहितात ते."

त्याने मास्क वर चढवला आणि पुन्हा दरवाजा घासायला लागला.

वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं!

१४ मार्च, शनिवार

अबोला. आईने दोघांना वेगवेगळं वाढलं. "माझी काय खानावळ आहे?" म्हणाली. कुणीच हसलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

आता लोक लिहीतसुद्धा नाहीत. शिव्या थांबल्या की बरं वाटेल असं वाटलं होतं. हे त्याहून वाईट.

लिहिणं सोडायचं. ठरलं. काचा घासायच्या, घरी यायचं, झोपायचं. जमेल मला.

१९ मार्च, गुरुवार

एका बाईंचा अभिप्राय आलाय. लांबलचक. त्यांचं कामच हे आहे म्हणे — ज्यांचा आवाज बिघडतो, शिक्षक, गायक, विक्रेते, त्यांना पुन्हा नीट बोलायला शिकवायचं.

"हिप हॉपमधलं मला ओ की ठो कळत नाही. नातीने ऐकवलं. गाणी चांगली की वाईट हे तुमचं तुम्ही बघा. पण सहाव्यापासून पुढे म्हणणारा मुलगा कंटाळलेला नाही, तो आजारी आहे. शब्द यायच्या आधीच श्वास निसटतोय. त्याला घसा दाखवायला सांगा. चालढकल करू नका."

खाली हसऱ्या तोंडांची रांग. "अल्बमला औषध द्या आजी!" मास्तरचाही फोन आला, "वाचलंस? आता रोगनिदानही सुरू झालं आपल्यावर!"

मीही हसले. मग नववं गाणं लावलं. आजवर ते ऐकताना मी माझे शब्दच ऐकत आले — कुठला कच्चा, कुठला पोकळ. आज शब्द सोडून दिले. नुसता दादा ऐकला.

प्रत्येक ओळीच्या आधी बारीक फुस्स. टायरमधून हवा जावी तसं. ओळ संपताना तो ढकलतोय, सगळं अंग लावून ढकलतोय, आणि बाहेर येतंय एवढंसंच.

जीव राखून म्हणाले होते मी!

२० मार्च, शुक्रवार

अबोला मीच मोडला. "घसा दाखव."

"सर्दी आहे."

"एवढे महिने सर्दी?"

"रंगाचा वास असतो गं दिवसभर. सगळ्यांचेच घसे बसतात तिथे."

आई आतून आली, पदराला हात पुसत. "उद्या जायचं. ही नाही घेऊन गेली तर मी नेते, कान धरून. रस्त्याने लोक बघतील तर बघू देत."

दादाने आईकडे बघितलं आणि मान डोलावली. इतक्या लवकर ऐकणारा नाही तो. मला तेच आवडलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

शनिवारी नाकातून नळी घालून बघितलं. आज परत बोलावून आतला एक तुकडा काढला, तपासायला. डॉक्टर बाई भल्या आहेत, पण काही विचारलं की आधी हातातला पेन टेबलावर ठेवतात. मला त्या पेनचीच भीती बसलीय.

परतताना दादा म्हणाला, "त्या बाईंनी माझ्या घशाचा फोटो काढला. पुढच्या अल्बमवर तोच लावू." बोलायला मनाई आहे त्याला. तरी बोलला.

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

२८ मार्च, शनिवार

उत्तर नाही अजून. मास्तर येऊन बसला. शिकवणी बुडवून आला, आजवर कधी बुडवली नाही. दादाच्या पायाशी बसून त्याच्या चपलेचा सुटलेला पट्टा चिकटवत होता, उगाच, बराच वेळ. जाताना जिन्यात म्हणाला, "नीट म्हणायची होतीस असं मी म्हटलं होतं गं त्याला."

मला काय सांगतोस, मास्तर!

आज कुणीतरी नवीन लिहिलंय — "उत्तरार्ध म्हणजे अंगाई. झोप छान लागली." उत्तर लिहायला घेतलं. चार शब्द झाले आणि पुसले. त्याचं काय चुकलं? त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं. मला एका घरात राहून ऐकू आलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

गाठ वाईट निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार. आई खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती.

डॉक्टर बाईंनी दादाला विचारलं, "थुंकीतून रक्त केव्हापासून पडतंय?"

रक्त? आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"थंडीपासून," तो म्हणाला. "अर्धी गाणी झाली होती तेव्हा. एका डॉक्टरांना दाखवलंही होतं. आवाज एकदम बंद ठेवा म्हणाले, आणि लगेच तपासून घ्या."

"मग का नाही आलात?"

दादाने मान माझ्याकडे वळवली. "हिची राहिली होती."