लाल दिवा लागल्यावर

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. फौजेतून मी तुम्हाला पत्रं लिहायचो ती शाळेतल्या मराठीत, कारण ती तुम्हाला गावातले मास्तर वाचून दाखवायचे आणि त्यांच्यापुढे आपली चूक निघू नये असं मला वाटायचं. आजही हात त्याच भाषेकडे वळतो. मास्तर आता नाहीत, तुम्हीही नाही. त्या पत्रांमध्ये जे कधीच आलं नाही ते आज लिहितो आहे.

लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पॅराशूटने उड्या मारायला शिकवणारा उस्ताद होतो. नव्या जवानांना आधी जमिनीवर, मग मनोऱ्यावरून आणि शेवटी विमानातून. एका सकाळी मी स्वतः उडी मारून नीट खाली उतरलो आणि पॅराशूट आवरायच्या आत वारा त्याच्यात शिरला. त्याने मला नांगरलेल्या शेतातून फरफटत नेलं. डावा हात अंगाखाली सापडला आणि दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर निघाल्यावर दोन महिन्यांची सुट्टी मिळाली आणि मी अनसिंगला आलो. कोपर सरळ होत नव्हतं. आई तेल कोमट करून द्यायची आणि तुम्ही कामावर जायच्या आधी अंगणात बसून माझा हात चोळायचात. पहार धरून धरून तुमच्या तळव्याला घट्टे पडले होते, ते कातडीला खरखरत जायचे. "दुखते का?" तुम्ही विचारायचात. "नाही," मी म्हणायचो. दुखायचं. महिन्याभरात हात सरळ झाला, तो त्या तळव्यांनी केला. फौजेत कोणी विचारलं की मी सांगायचो, मिलिटरी डॉक्टरने केला.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि ज्याला त्याला विहीर हवी होती. तुम्हाला कामाला उसंत नव्हती. एक दिवस मीही तुमच्यासोबत कोसभरावरच्या मळ्यात आलो. विहीर चाळीस हात गेली होती, खाली काळा खडक लागला होता, आदल्या दिवशी सुरुंग लावले होते. सकाळी उतरायची वेळ झाली तर तुमचा एक गडी काठावरच बसून राहिला. तुमच्याच वयाचा, तुमच्यासोबत वीस वर्षं विहिरी खोदलेला माणूस. "आज मी उतरत नाही," म्हणाला. मला हसू आलं. मी मोठ्याने म्हणालो, "आमच्याकडं असा मानूस एक दिवस टिकत नाही."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "काहून हासून राह्यला रे? त्याले भेव वाटून राह्यलं. भेव वाटलेल्या मानसाले खाली धाडाव काय?" मग त्याला म्हणालात, "बस तू. आज वरचा दोर सांभाळ. उद्याचं उद्या पाहू." एवढंच. त्याची मजुरी कापली नाही, की त्याच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

मला ते लागलं. चारचौघांत बोलणी खाल्लेली, तीही गणवेशाची पँट घातलेली असताना. मी म्हणालो, मीच उतरतो. दोरापाशी गेलो, खाली पाहिलं आणि माझा डावा हात दोर धरेना. हातात जोर होता. बोटं मिटत होती. पण दोरापर्यंत जाऊन ती थांबायची. गडी पाहत होते. तेवढ्यात तुम्ही हाक मारली, "अरे, पानी संपलं, घागर भरून आन पह्यले." घागर अर्धी भरलेली होती, बाबा. ती मी पाहिली होती.

संध्याकाळी घराकडे चालताना तुम्ही म्हणालात, "तुया हाताले आता काही नाही झालं. भेव बसलं हाये. मले दिसते. मीबी एकदा दोर तुटून पडलो होतो, सा महिने इहिरीत पाय टाकला नाही. तू आपल्या साहेबाले सांगून टाक, साहेब, मले भेव वाटते. त्यात काय हाये?" आणि मी काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तुमी जमीन खंदता. तुमाले काय कळते वरचं? मी उस्ताद हाओ, इहिरीवरचा मजूर नाही."  थोडं पुढे गेल्यावर तुम्ही विचारलंत, गाडी किती वाजता आहे. दोन दिवसांनी मला वाशीमच्या स्टेशनवर सोडायला आलात, तेव्हाही तो विषय काढला नाहीत.

परत गेल्यावर डॉक्टरने हात वाकवून, फिरवून पाहिला आणि मला पास केलं. साहेबाला मी भीतीचं सांगितलं नाही. हात जरा दुखतो असं सांगून महिनाभर जमिनीवरच शिकवत राहिलो, आणि आधी कधी ओरडलो नव्हतो इतका जवानांवर ओरडलो. शेवटी एका तुकडीसोबत वर जायचा हुकूम आला. दारात उभं राहून सगळ्यांना बाहेर सोडायचं आणि शेवटच्या जवानामागून आपणही उडी मारायची, अशी पद्धत होती. हात मोडल्यानंतरची माझी ती पहिली उडी असणार होती.

सगळ्यात शेवटी नाईक हुद्द्याचा एक जवान होता. वयाने बाकीच्यांपेक्षा मोठा, दोन मुलांचा बाप, मनोऱ्यावर सगळ्यांत नीट शिकलेला. हिरवा दिवा लागला, एकेक जण निघून गेला, आणि हा दारात आला आणि त्याने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. "उस्ताद, नहीं होगा," तो म्हणाला. अशा वेळी माणसाला आत ओढून बसवायचं, हा नियम मीच शेकडो जवानांना शिकवला होता. त्याला बसवलं असतं तर त्याच्यासोबत मलाही विमानात बसूनच खाली परतायचं कारण मिळालं असतं. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त त्याची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली, आणि ती मला पाहवत नव्हती. मी ती एकेक करून सोडवली. त्यात वेळ गेला आणि दिवा लाल झाला. लाल दिव्यानंतर कोणालाही बाहेर सोडायचं नसतं, कारण खालचं मोकळं मैदान संपलेलं असतं. मी दिवा पाहिला. पाहून त्याला ढकललं.

मग मी दारात उभा राहिलो आणि वर पाहिलं. दिवा लाल आहे, आता उडी मारता येत नाही, असं स्वतःला सांगितलं आणि बाकावर जाऊन बसलो. त्याला ज्या दिव्याने वाचवलं नाही, त्याच दिव्याआड मी लपलो. विमान खाली उतरेपर्यंत मी पट्ट्याची कडी धरून होतो.

तो मैदानापलीकडे कालव्याच्या दगडी काठावर पडला. गुडघा फुटला. चौकशीत मी लिहून दिलं की त्याने हिरव्या दिव्यावर स्वतः उडी मारली आणि उतरताना पाय जुळवले नाहीत. उस्तादाच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो, तो काय बोलतो याच्या धास्तीने. त्याने माझा हात धरला. "उस्ताद, दरवाज़े के बाद का कुछ याद नहीं आता. मैं खुद कूदा था ना?" मी म्हणालो, "हाँ, खुद कूदा." तो रडायला लागला, आनंदाने. पुढे पाय ताठच राहिला आणि त्याला फौजेतून घरी पाठवलं.

त्या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर आलो. तेव्हाही मी जमिनीवरच होतो, हाताची सबब सांगून. जयंतीच्या सभेत मंडळींनी मला गणवेशात उभं केलं. हात मोडून पुन्हा आभाळात गेलेला आपल्या वस्तीचा पोरगा, दोन शब्द बोल म्हणाले. मी बोललो, बाबा. हिरवा दिवा, वारा, उघडलेलं पॅराशूट, सगळं सांगितलं. न मारलेली उडी अशी सांगितली की बायाबापड्या तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. तुम्ही पुढच्या सतरंजीवर, धुतलेलं पांढरं धोतर नेसून बसला होतात.

घरी आल्यावर आई भाकरी टाकत होती आणि आपण दोघं चुलीजवळ जेवायला बसलो. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "मी तुले इहिरीवर बोललो होतो ते मनात ठेवू नको. तुयंच खरं होतं. मले वरचं काय कळते?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात आणि तोंडात घास नव्हता. मी म्हणालो, "जाऊ द्या ना बाबा." म्हणजे मी तुम्हाला माफ केलं.

पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. तार मिळून मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुमचा तो गडी, त्या दिवशी न उतरलेला, तुमची पहार घेऊन दारात बसला होता. मला म्हणाला, "तुया उडीचं सांगत होते लोकाईले. तापातबी." मी परत गेलो आणि आठ दिवसांनी सुभेदार साहेबांसमोर उभा राहून सांगितलं, "साब, मुझे डर लगता है." ते म्हणाले, "इतने दिन क्यों नहीं बोला? कल मेरे साथ चल." दुसऱ्या दिवशी विमानाच्या दारात ते माझ्या मागे उभे राहिले आणि मी गेलो. इतकं सोपं होतं. नाईकाचं मात्र त्यांनाही सांगितलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं शिकवलं. दारात कोणी थिजला की त्याला आत बसवायचो, खाली चहा पाजायचो, उद्याचं उद्या पाहू म्हणायचो. त्यातल्या बहुतेकांनी पुढे उडी मारली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, या उस्तादाने आयुष्यात कुणाला ढकललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. ती रीत तुमची होती हेही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

तो नाईक अजून जिवंत आहे. गेल्या वर्षी एका जुन्या सोबत्याने सांगितलं. काठी घेऊन फिरतो, नातवंडांना आपल्या उडीची गोष्ट सांगतो. ती गोष्ट त्याच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार आहे का, असं मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न मला सोयीचा आहे.

आज दुपारी मी पत्र लिहायला बसलो ते त्यालाच. वर त्याचं नाव घातलं, हिंदीत दोन ओळी लिहिल्या आणि मग तो कागद फाडून हा दुसरा घेतला. त्याला लिहिलं असतं तर उत्तर आलं असतं.