दहा वर्षं टिकेल अशी कॅरावॅन

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. मलाझ.
जुम्याच्या नमाजानंतर पहिली कॅरावॅन पाहिली. लाकडी सांगाडा, वरून पन्हळी अॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने मारलेला. खिडकीखालचा कोपरा अंगठ्याने दाबला, भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. लाकूड कुजलंय. मालक म्हातारा सौदी, सज्जन माणूस. म्हणाला, वाळवंटात पाणी कुठलं? म्हटलं, आम्ही खमीस मुशैतला जाणार, तिकडे डोंगर, पाऊस. रद्द.
झुलेखा गाडीतच बसून होती. दुखणं कंबरेच्या हाडात उतरल्यापासून तासाच्या वर बसवत नाही तिला. म्हणून तर हा खटाटोप. दर तासाला थांबायचं, मागे कॅरावॅनमध्ये तिने आडवं व्हायचं. संडासही आपला. हजाराला थोडेच कमी कि.मी.
"पलंग होता ना आत?" होता. "मंग?"

१५ नोव्हें., शनि.
दुसरी. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी फायबरचे तक्ते गोंदाने दाबून चिकटवलेले. आरशासारखी. पण दिसतं तसं नसतं. नाण्याने ठोकत गेलो, मागच्या भिंतीला आवाज पोकळ. उन्हाने गोंद सुटलाय. शिवाय आतून हात फिरवला तर नळी न् नळी मोजता येईल, एवढ्या तापलेल्या. रद्द.
बारावीचा अभ्यास टाकून सना आली होती. पोरगी वैतागली. "अब्बा, अम्मी को बस जाना है. आप तो इन्स्पेक्शन ले रहे हो."
तेवीस वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर. दुसरं येतं काय मला?

१८ नोव्हें. रास अल खैर.
ड्यूटीनंतर साइटवरच्या खोलीत कागदाचे दोन भाग करून लिहिलं. लाकडी: कुजते, पण कुठलाही सुतार एक पट्टी बदलून देईल. चिकटवलेली: हलकी, पाणी घेत नाही, पण एकदा सुटली की आख्खी भिंत गेली. खालची चॅसी दोन्हीकडे पाहायचीच.
झु.चा फोन. कधी निघायचं? म्हटलं, भक्कम मिळू दे, घेतली की दहा वर्षं वापरू.
ती म्हणाली, "दहा वर्षं कोनाला हवीत?"
रेंज गेल्यासारखं केलं मी. हॅलो, हॅलो. लाज वाटते लिहायला.

२१ नोव्हें., शुक्र.
तिसरी. लाकडीच, पण खणखणीत कोरडी. झु. स्वतः पायरी चढली, पलंगावर पडली आणि दहा मिनिटं चक्क झोपली. किती दिवसांनी. उठून उशाशी असलेली खिडकी सरकवली. "हितनं दिसंल."
इम्रानचं कब्रस्तान म्हणते ती. बावीस वर्षांपूर्वी आम्ही खमीसला होतो तेव्हाचं. अकरा दिवसांचा होता. मी या हातांनी ठेवला, ती हॉस्पिटलात. नंतर दोनदा नेली, पण इथे बायकांना आत जाता येत नाही. दोन्ही वेळा फाटकाबाहेर उभी राहिली, मी आत जाऊन दुवा मागून आलो. आता म्हणते, कुंपणाजवळ गाडी लावायची आणि चार दिवस राहायचं. बस.
सगळं ठीक होतं. मग मी खाली वाकलो. गाडीला जोडायच्या दांड्याच्या वेल्डिंगवर केसाएवढी रेघ, बोटभर लांब. चीर असेल तर रस्त्यात दांडा तुटायचा. मालक म्हणाला, तासात वेल्डिंग मारून देतो. म्हटलं, नको, उद्या लाल डाय आणतो, चीर असेल तर दिसेल. झु. म्हणाली, "आजच घ्या हो." एवढंच. भांडली नाही.

२२ नोव्हें., शनि.
डाय घेऊन गेलो. सकाळीच विकली गेली होती. नवा मालक सुदानी, भला माणूस, म्हणाला बघायचं तर बघ. डाय मारला, पुसला, पांढरी पावडर फवारली, थांबलो. काही उमटलं नाही. चीर नव्हतीच. रंगावरचा ओरखडा.
घरी सांगितलं नाही. झु.ने विचारलंही नाही.

५ डिसेंबर, शुक्र. हॉस्पिटल.
झु.ला आठ दिवस ताप. वॉर्ड. डॉक्टर नागपूरकडचे, मराठीत बोलतात त्याने बरं वाटतं आणि जास्त लागतंही. "काका, आता लांबचा प्रवास नको. मी हो म्हणू शकत नाही."
ते नोव्हेंबरचे दिवस तिचे चांगले होते. चालत होती, पायरी चढत होती. मी भिंती ठोकत बसलो. लाकडी बरी की चिकटवलेली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो मीच. भक्कम गाडी घेतली तर तीही दहा वर्षं राहील, असंच काहीतरी डोक्यात होतं माझ्या. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

११ डिसें., गुरु.
काल घरी आणलं तिला. आज चौथी कॅरावॅन दिसली, घेतली. भिंत कसली ते पाहिलं नाही. विकणाराच विचारायला लागला, खालून बघणार नाही? म्हटलं, खलास.

१२ डिसें., शुक्र.
बिल्डिंगखाली आणून लावली. झु.ला उचलून आत निजवलं. हाताला काही वजनच लागलं नाही. सना पायथ्याशी बसली.
म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. जायला दोन दिवस, यायला दोन...
"यायला कोन सांगतंय?"
मला कळेना. मग तिने नीट सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "जित्यापनी मला आत सोडत नाहीत. मेल्यावर अडवतील काय? रस्त्यात काय झालं तर मागं फिरू नका. तसंच पुढं न्या. त्याच्या शेजारी जागा नसंल तर त्याच आवारात."
सना पहिल्यांदा मराठीत बोलली. "अम्मी, असं नको बोलू."
आणि मी इतके दिवस जाऊन-येऊन टिकेल अशी गाडी शोधत होतो. तिने परतीचं कधी काढलंच नव्हतं.
उद्या पहाटे फजरच्या नमाजानंतर निघायचं म्हणते. दुपारी जाऊन चाकांत हवा भरून आणली. हो अजून म्हटलेलं नाही.