भोंगा वाजला की घर रिकामं

सोम. ११ जाने. ८८
कंपनीचे सेफ्टीसाहेब चाळीत येऊन गेले. भिंतीपलीकडे क्लोरीनच्या टाक्या आहेत, नव्या कायद्याने शेजाऱ्यांना सांगावं लागतं म्हणे. इतकी वर्षं मुलुंडात राहतो, आज सांगतायत. भोंगा तुटक तुटक वाजला की ओला रुमाल नाकाला, दार बंद, आणि शाळेच्या मैदानात. शेजारची मालूवहिनी म्हणते, "साहेब, डाळ स्टोव्हवर असली तर?" "विझवायचा." "मग जेवायला तुमच्याकडे येऊ का?" सगळ्या हसल्या. मीही. नंतर भोपाळचे पेपरातले फोटो आठवले.

बुध. १३
ह्यांचं नाव कंपनीच्या इमर्जन्सी टीममध्ये. भोंगा झाला की स्टोअरमधून मास्क घेऊन टाक्यांकडे धावायचं. "घरी नाही यायचं?" "घरी तू आहेस ना."
मी आहे. दोन मुलं आहेत. आणि सासूबाई, कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर. त्यांना कोण उचलणार? "बघू," म्हणाले.
सासूबाईंनी ऐकलं. "माका हंयच ठेव गो. पोरांका घेवन जा." म्हटलं, आई, दिवेलागणीला असं बोलू नये. समईत तेल घातलं.

शुक्र. २२
उद्या सराव. ह्यांचं म्हणणं, सरावापुरतं आईला घरीच राहू दे, उगाच हाल नकोत. पटलं. आज उपास, रताळं उकडलं.

शनि. २३
भोंगा झाला. स्टोव्ह विझवला, देवाला नमस्कार केला, मुलांना पुढे घातलं. मालूवहिनी लग्नाची साडी नेसून. "फोटो काढतील गं!"
मैदानात साहेब कर्ण्यावरून म्हणाले, दारं तपासली, सगळीकडे कुलूप, चाळ पूर्ण रिकामी, आत एकही माणूस नाही. टाळ्या. तेव्हा कमरेला खोचलेली घराची किल्ली टोचली मला.
बाजाराला जाताना मी बाहेरून कुलूपच घालते, सासूबाईंना उठून कडी लावता येत नाही. हात सवयीने तसाच गेला. टाळ्या मीही वाजवल्या. बिस्किटं वाटत होते तोवर पळत घरी.
सासूबाई छताकडे बघत पडलेल्या. "कोणीतरी कुलूप हलवन बघल्यान. मिया आवाज दिलंय नाय. झिलाच्या सायबापुढे कशाक?" मुलाचा मान राखला त्यांनी.
पाय चेपत बसले. स्वयंपाकाचं भान नाही.

रवि. २४
ह्यांना सांगितलं.
"सराव होता तो. खरं थोडंच होतं?"
"खरं असतं तर मी वेगळं काय केलं असतं?"
"रिपोर्ट वर गेलाय. आता बोललो तर टीमवाल्याच्याच घरात घोळ, असं होईल. साहेब मला काढतील."
टीममधून की नोकरीतून, ते कळलं नाही.

बुध. २७
नळावर मालूवहिनीला कुलपाचं बोलून गेले. वाटलं हसेल. तिने हंडा खाली ठेवला. "आमचे मामंजीपण आतच होते गं. अर्धांग झालेला माणूस, कुठे नेऊ?" कुलूप तिनेही घातलं होतं. शनिवारी साडीचं कौतुक सांगत होती ती, तेव्हा ते आत.
अजून कोणाकोणाकडे? विचारवेना.

शनि. ३०
दोघी कंपनीच्या गेटवर. मारुतीला नारळ बोलून निघाले होते. साहेबांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. "बाई, आधी का नाही सांगितलंत?" मालूवहिनी पटकन, "तुम्ही डाळीचं उत्तर दिलंत, घरात खाटेवर कोण आहे ते कुठे विचारलंत?" स्ट्रेचर दोनच, दोन्ही कामगारांसाठी. मागणी वर पाठवतो म्हणाले. कुलूप दिसलं तरी दार वाजवून हाक मारा, एवढं तरी टीमला सांगा म्हटलं. लिहून घेतलं.
स्टोअरच्या खिडकीत हे उभे. मान फिरवली.

सोम. १ फेब्रु.
दोन दिवस अबोला. ताट वाढते, जेवतात.

मंगळ. २
सकाळी अंघोळ करून हे खाटेजवळ बसले. "आई, माझ्या गळ्यात हात घाल." पाठुंगळी घेतलं त्यांना. उंबऱ्यापर्यंत गेले, धापा टाकत परत आणलं. "आता तू."
मी कंबर कसली. खाटेवरून उतरवलं, मोरीपर्यंत, पुढे नाही. सासूबाई कळ दाबून हसायला लागल्या, "पडशात गो दोघांय." परत खाटेवर निजवलं, तशा दमून डोळे मिटून पडल्या.
ह्यांनी डबा घेतला. चपला घालून दारात थांबले. "भोंगा झाला तर मी आधी…" माझ्याकडे नाही, आईकडे बघत.
आधी कुठे, घरी की टाक्यांकडे, ते मी विचारलं नाही. कामावर गेले.