वरकुट्याचा थांबा चुकला त्याची हकीकत

बारामती, मंगळवार, १९५६

ती. स्व. झुंबरदादांस धाकट्या सरूचा प्रभूच्या नावे सलाम. तुमचा खोकला हटला का? वहिनींनी अडुळशाचा काढा दिला तर नाक मुरडू नका. रोज उपदेश करणाऱ्यानं कधी ऐकावंही.

तुम्ही मला झापलंत, की सरू, एस्टीत बसून नुसती भाजीचे भाव विचारतेस, प्रवासात सुवार्तेला वेळ काढ. काढला. आता ऐका.

काल इंदापूरला बहिणींच्या प्रार्थनेला निघाले, तर शेजारी सांगवीच्या प्रयागबाई. त्यांची लेक भिमा वरकुट्याला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पण सासू द्वारकाबाई माहेरी धाडीना. कशीबशी कबूल झालेली, तेही दुपारच्या आत न्यायला याल तर. बाईंच्या जिवाला घोर लागलेला. जरा मन रमेल म्हणून मी येशूची गोष्ट गोठ्यापासून सुरू केली, तर बाईंनी गाठोडं सोडून चार जोंधळे मुठीत धरले! (नगरला राहून विसरला असाल: इकडं बाया कहाणी ऐकताना मुठीत दाणे धरतात आणि ती पुरी झाल्याशिवाय जागच्या उठत नाहीत.) मला आपलं कौतुकच वाटलं.

मग पुढच्या-मागच्या बायाही वळल्या, आणि काय एकेकीचे प्रश्न! मरियमेचं बाळंतपण कुणी केलं? सुईण व्हती का? गोठ्यात शेकायला शेगडी कुठली? दादा, इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते, पण मला कधी सुचलं नाही हो. तुम्हाला ठाऊक आहे का? प्रयागबाईंनी तर विचारलं, ह्या कहाणीचा नेम काय, उपास कुठल्या वारी? मी म्हटलं, नेम नाही, उपास नाही, कृपा फुकट आहे. त्यांना ते काही पटेना. "फुकटचं कसं लागू पडंल, बाई?"

वरकुट्याचा फाटा आला तेव्हा मी नेमकी क्रुसापाशी. कंडक्टर ओरडतोय, बाईंचे डोळे भरलेले, मूठ घट्ट. मी म्हणते उतरा, तर त्या म्हणतात, "लेकीला आणाया निगालेय, मरणापाशी कहाणी टाकून कशी उठू?" मी घाईघाईनं तिसरा दिवस उजाडवला (इतक्या वेगानं तुम्हीसुद्धा कधी सांगितला नसेल), पण तोवर इंदापूर आलं.

परतीची गाडी दुपार कलल्यावर. घोटाळा माझा, म्हणून प्रार्थना सोडून मीही बाईंबरोबर वरकुट्याला गेले. द्वारकाबाई ओट्यावरच उभ्या: वेळ टळली, आता सून जायची न्हाय. भिमा दाराआड पोटावर हात धरून रडत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. प्रयागबाईंनी खरं ते सांगितलं, की कहाणी अर्धी टाकता येईना. तिथं द्वारकाबाईंचा राग अडला. "कंची कहाणी?" त्यांनीही दाणे घेतले आणि मी पुन्हा गोठ्यापासून लागले. संपल्यावर द्वारकाबाई उठून सुनेचं गाठोडं बांधू लागल्या. भिमा सुखरूप सांगवीला पोचली. प्रभूची करणी अगाध!

वहिनींना सलाम, लेकरांना पापा.

तुमची सरू

ता. क. नेम काय, ते द्वारकाबाईंनीही विचारलं होतं. त्या पोरीचं तोंड बघून माझ्या तोंडून निघून गेलं, की नेम एकच, ऐकणारीनं पहिलटकरणीला माहेरी धाडायचं. रविवारी त्यांचा मास्तर भाचा हे शास्त्रात कुठं लिहिलंय ते बघायला माझ्याकडं येणार आहे. तेव्हा तसं एखादं वचन असेल तर उलट टपाली कळवा.

पुन्हा ता. क. नसेल, तर भिमा बाळंत झाल्यावरच कळवा.