वृषभला त्या शाळेतून काढण्याची मोहीम

२ एप्रिल
आजपासून ही वही, कारण घरात माझं ऐकणारं कुणी उरलेलं नाही.
निपाणीत छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली नऊ हेडमास्तर म्हणून. आणि माझा नातू वृषभ हायवेपलीकडच्या मॉन्टेसरीत पाणी ओतायला शिकतो. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात. सांडलं की पुसायचं, पुसलं की परत ओतायचं. फळा नाही, छडी नाही, मूल म्हणेल ती पूर्व दिशा. आमच्या जैनाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पितात, त्याची कुणी फी घेतली नाही. (गाळते माझी बायको राजेश्वरी. पण तत्त्व माझं.)

३ एप्रिल
मुलाला, राजकुमारला, स्पष्ट सांगितलं, पोराला काढ. तो म्हणाला, "आप्पा, सुट्टी हाय, महिनाभर तुमीच शिकवा. महिनाअखेर त्यानं सोताच्या हातानं दोन ओळी लिवल्या तर जूनला तुमच्या शाळेत पहिलीत घालू. न्हाय तर हा विषय बंद."
दोन ओळी! मी दोन पानांची तयारी ठेवली होती. लगेच जुन्या शाळेत फोन केला. हल्ली पहिलीचा पट सात आहे. आताच्या हेडमास्तरना शब्द दिला, आठवा माझा नातू. जूनला त्याला बोट धरून त्या फाटकातून नेणार. या एका गोष्टीसाठी मी काहीही करीन.

४ एप्रिल
शत्रूचा अभ्यास. मोबाइलवर वाचलं. शंभरेक वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरीणबाईनं हे काढलं. रोममधल्या गरिबांच्या पोरांसाठी. आता जपानात आहे, आफ्रिकेत आहे, अमेरिकेत तर गल्लोगल्ली. सूनबाई प्रिया म्हणाली, जगभर पसरलंय म्हणजे काहीतरी असेलच की. मी म्हटलं, कोरोनापण जगभर पसरला होता. ती बँकेला निघून गेली. एक मुद्दा माझा.

७ एप्रिल, सकाळी ९
वर्ग सुरू. वृषभ आला, आधी स्वतःची चटई अंथरली, पेन्सिली लांबीप्रमाणे लावल्या. दहा मिनिटं गेली. मग मी माझी पद्धत काढली. मुलाचा हात आपल्या मुठीत धरायचा आणि गिरवायचं. आमच्या मास्तरांनी माझा असाच धरला होता. अर्ध्या तासात अ ते औ. अक्षर मोत्यासारखं.
तो म्हणाला, "आज्जा, मी करू?" म्हटलं, आधी शिक, मग कर.

१२ एप्रिल
प्रगती उत्तम. हात धरला की सुंदर लिहितो. सोडला की पेन्सिल खाली ठेवून डाळी निवडायला जातो. शाळेनं केलेलं नुकसान. उद्यापासून कडक.

१३ एप्रिल
ऊन फार. उद्यापासून कडक.

१५ एप्रिल
राजेश्वरी तीन दिवस संकेश्वरला गेली, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जाताना म्हणाली, "दुपारचं ताट प्रिया वाडून ठेवत्या, सांजचं झाकून ठेवलेलं असतंय. दिवस बुडायच्या आत वाडून घ्या."
रात्री आम्ही जेवत नाही. राजकुमार आणि प्रिया कामावरच डबा खाऊन सातनंतर येतात. सहाला पाटावर जाऊन बसलो. वाढून घेणं हा प्रकार मी आयुष्यात केलेला नाही. कुठलं भांडं कुठं, काही पत्ता नाही. वृषभनं स्वतःचं वाढून घेतलं, जेवला, ताट धुऊन पालथं घातलं. मग विचारलं, "आज्जा, तुमाला वाडू?" मी ओरडलो. लहान पोरानं भांडी हाताळायची नाहीत, सांडशील. तो शेजारी बसला. मीही बसलो. पावणेसातला सूर्य गेला.

१६ एप्रिल
कालचं ते एकाशन होतं. दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. (सकाळचे पोहे धरायचे नसतात.) मंदिरात सहज बोललो. लोकांनी हात जोडले. एकटा भरमूअण्णा, माझा लंगोटीयार, म्हणाला, "वैनी गावाला गेल्यात व्हय?" काही माणसांना धर्मातलं काही कळत नाही.
संध्याकाळी पुन्हा एकाशन.

१७ एप्रिल
वृषभ दुपारभर स्वयंपाकघरात कागद कापून डब्यांना चिकटवत होता. अभ्यास सोडून खेळ! रागावलो. कागद मात्र तसेच राहिले, कारण मला चक्कर आली. संध्याकाळी तिसरं एकाशन. व्रताचं तेज चेहऱ्यावर येतं म्हणतात. आरशात दिसलं नाही.

१८ एप्रिल
राजेश्वरी आली. मला बघून तिनं आधी भाकरी वाढली, मग बोलली. काय बोलली ते लिहीत नाही.

२६ एप्रिल
चार दिवसांवर परीक्षा. हात धरून दोनच काय, दहा ओळी लिहितो. हेडमास्तरना कळवलं, पट आठ धरा.

३० एप्रिल, संध्याकाळी
सगळे समोर बसले. मी सवयीनं वृषभचा हात धरला. राजकुमार म्हणाला, "आप्पा, हात सोडा."
सोडला. पोरानं पेन्सिल पेटीत सरळ ठेवली आणि मांडी घालून बसला. मी डोळ्यांनी खुणावलं, दटावलं, शेवटी विनवलं. एक अक्षर नाही.
तेव्हा प्रिया उठली आणि स्वयंपाकघरातून डबे घेऊन आली. मीठ. साखर. तूरडाळ. प्रत्येकावर नावाचा कागद. सर्वांत शेवटी खालच्या फळीवरची एक चिठ्ठी आणली: आज्जाचं ताट इथं आहे. भात डब्यात आहे.
"कुणी लिवलं रं?" राजकुमारनं विचारलं.
"मी. आज्जाला काय गावत न्हाय. उपाशी ऱ्हात्यात."
अक्षर डावीकडं कललेलं होतं. म्हणजे माझ्याच वळणाचं. मी ताबडतोब दाखवून दिलं की ओळी दोन आहेत, स्वतःच्या हातच्या आहेत, आणि अट पूर्ण आहे. राजकुमारनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, "शब्द म्हंजे शब्द, आप्पा. जूनला तुमच्या शाळेत."
जिंकलो. जिंकल्यावर माणसानं उदार व्हावं. म्हटलं, तुमची ती पद्धत मुलाला विचारते ना, विचारा त्याला. माझ्यासमोर विचारा.
कुणी विचारायच्या आधी वृषभनं मलाच विचारलं. "तितं सगळी तुमच्यासारकं हात धरत्यात?"
खोटं बोलता आलं असतं. पण छत्तीस वर्षं तिथं मीच शिकवलेलं आहे. म्हटलं, "व्हय."
"मग मी माज्या शाळेला जातो," तो म्हणाला आणि डबे एकेक करून जागेवर ठेवायला लागला.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.
हेडमास्तरना फोन केला. पट सातच धरा म्हटलं. ते म्हणाले, सातातले दोघं कोल्हापूरला चाललेत.
या निर्णयाला माझा तीव्र विरोध आहे. तो मी नोंदवला आहे. या वहीत.