शेवटचा आकडा दोनच

२० जानेवारी, सोमवार

माझी चूक धरली. माझी! आणि धरली कुणी, तर जेर्लिननं.

ती तपासनीस, मी कोडर. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटबद्दल लिहितो, आम्ही इथं कोइम्बतूरला बसून त्याच्या लिहिण्याला आजाराचा कोड लावतो आणि त्यावर तिकडची विमा कंपनी काय ते ठरवते. आजचा पेशंट एक म्हातारा. कंबरेच्या मणक्यातली जागा अरुंद झालेली. कोडचा शेवटचा आकडा एक लावला तर नुसती जागा अरुंद. दोन लावला तर त्यापायी चालताना पायही दुखतात. आणि डॉक्टरनं स्वच्छ लिहिलंय – चाललं की पोटऱ्या दुखतात, थांबलं की दुखायचं राहतं, दुकानात सामानाच्या ढकलगाडीवर रेलून फिरतो. मी दोन लावला. आंधळ्यानंसुद्धा दोनच लावला असता.

जेर्लिन म्हणते, "पाय मणक्यामुळे दुखतात असं डॉक्टरनं कुठं लिहिलंय? तेवढं दाखव."

अगं बाई, लिहायला कशाला हवं? फिजिओथेरपी शिकले ती काय गवत उपटायला? तिथं पगार पोटापुरता नव्हता म्हणून या खुर्चीत येऊन बसले, अक्कल बाहेर ठेवून नाही आले.

२१ जानेवारी, मंगळवार

मी जेर्लिनच्या शेऱ्यावर हरकत घेतली. आमचा टीम लीड मुहिलन दोघींच्या मध्ये स्टूल ओढून बसला, पंचायतीला बसल्यासारखा.

"इलक्किया, तू डॉक्टर नाहीस. पानात वाढलंय तेवढंच जेवायचं."

"शितावरून भाताची परीक्षा होते की नाही?"

"होते ना. घरी कर. इथं नाही."

शेवटी ठरलं, डॉक्टरलाच विचारायचं. पण तेही कसं? उत्तर सुचवायचं नाही! 'मणक्यामुळे का?' असं विचारलं तर तो गुन्हा. 'पायदुखीचं कारण कृपया स्पष्ट करावं' – बस्स. ताट समोर मांडलेलं आणि आपण विचारायचं, आज जेवायला काही आहे का. जेर्लिननं माझं वाक्य दोनदा वाचून घेतलं. डोकं फिरलं माझं.

२३ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात तोंड बंद, म्हणून घरी तरी बोलले.

अप्पा सकाळी दूध आणायला जातात ते सायकल घेऊन, पण बसत नाहीत, हातात धरून चालतात. गिरणीतले जुने सोबती राजामणी, त्यांच्या कुंपणाशी डावी पोटरी धरते. तिथंच उभे राहतात, भिंतीला हात लावून, राजामणींशी गिरणीच्या जुन्या गोष्टी काढतात. दोन गोष्टी झाल्या की पुन्हा चालू. गल्लीतली पोरं म्हणतात, तात्ता-आजोबांची सायकल आता म्हातारी झाली, तात्ता तिला फिरायला नेतात.

डिसेंबरात कंबरेचा एमआरआय काढला होता. जागा अरुंद, तिथंही. म्हणजे तोच म्हातारा, फक्त ढकलगाडीच्या जागी सायकल! अम्मानं मोठ्या दवाखान्यात शनिवारची वेळ घेऊन ठेवली होती. मी फोन करून रद्द केली. घरात शिकलेलं माणूस असताना तिथं रांगेत कशाला बसायचं? व्यायाम मी शिकवीन. तैपूसमच्या जत्रेला मरुदमलैच्या देवळाच्या पायऱ्या चढतील की नाही बघाच.

अप्पा म्हणाले, "कण्णू, तू म्हणशील तसं. फक्त बिडी सोड म्हणू नकोस."

तेही म्हणणार आहे. पण आधी कंबर.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी, आणि घरात भांडण. अप्पांना पाठीवर झोपवून गुडघे छातीशी घ्यायला लावले. ते मोजतात कमी आणि कण्हतात जास्त. अम्मा दारात उभी. म्हणे, "कंबर कंबर काय करतेस? त्यांच्या डाव्या अंगठ्याला चप्पल लागलेली, दिवाळीपासून भरत नाही. ते बघ आधी."

म्हटलं, हळद लाव. ज्याला त्याला या घरात मला शिकवायचंय. रागानं अरिसी-परुप्पु सादम, म्हणजे डाळभातसुद्धा अर्धवट टाकला. मग वाईट वाटलं, अम्मानं माझ्यासाठी तूप वेगळं काढलं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

उत्तर नाही. दोन शब्द लिहायला त्या डॉक्टरला काय धाड भरली आहे?

३१ जानेवारी, शुक्रवार

जेर्लिननं नागरकोइलहून केळ्याचे वेफर्स आणले, माझ्या टेबलावर ठेवले. हात लावला नाही. ती घरी गेल्यावर खाल्ले. चांगले होते, त्याचाही राग आला.

३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं. मुहिलननं मोठ्यानं वाचलं.

मणक्यातली जागा अरुंद आहे ती वयानं, तिचा पायांना त्रास नाही. गाडीवर रेलतो ते गुडघ्यामुळे. पोटऱ्या दुखतात कारण पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या तुंबत आल्या आहेत. नुसतं उभं राहिलं तरी दुखणं थांबतं. पावलावरची नाडी लागत नाही, बोटाची जखम भरत नाही, पाय वाचवायला तातडीनं शस्त्रक्रिया.

नुसतं उभं राहिलं तरी! मणक्याचं असतं तर बसावं लागलं असतं, वाकावं लागलं असतं. हे मी शिकले आहे. परीक्षेत लिहिलं आहे.

मी शेवटचा आकडा एक केला, पर्स उचलली आणि निघाले. मुहिलन मागून विचारत होता, इलक्किया, काय झालं?

आजच, घरी

मोठ्या दवाखान्यात जायला रिक्षा येतेय, तोवर लिहिते.

अप्पांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. उजव्या पावलावर नाडी लगेच लागली. डावं पाऊल गार. बोटं फिरवत राहिले, पुन्हा पुन्हा, घोट्यामागेसुद्धा.

अप्पा हसले. म्हणाले, "काय गं कण्णू, काही हरवलं का तुझं?"